मिक्सर घेताना वॅट नंतर बघा, भांडं आधी उघडा

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: ठाण्याचा फ्लॅट, घरात चार माणसं. रोजचं वाटण आणि चटणी, पंधरा दिवसांतून एकदा इडली-डोशाचं पीठ, मुलाला सकाळी केळं-खजूर घालून स्मूदी. पाच-सहा हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. दुकानदार म्हणतो १००० वॅटच घ्या, जाऊबाई म्हणतात छोटा बुलेट (ग्लासाएवढ्या बंद भांड्याचा ब्लेंडर) पुरे, आणि तुमच्या मनात तो उंच भांड्याचा परदेशी ब्लेंडर भरलाय. शिवाय न्यू जर्सीच्या बहिणीलाही इथून एक पाठवायचाय.

मी मिक्सर विकत नाही, दुरुस्त करतो. त्यामुळे कुठला चांगला दिसतो यापेक्षा कुठला कशामुळे मरतो हे मला जास्त माहीत आहे. तुमच्या घरासाठी माझं उत्तर असं: ७५० वॅटचा, स्टीलच्या तीन भांड्यांचा साधा मिक्सर-ग्राइंडर, आणि उरलेल्या पैशांत एक हँड ब्लेंडर. एकाच यंत्राने सगळं करायचा हट्ट सोडलात तर तुमच्या बजेटमध्ये सगळंच नीट होतं. आता कारणं सांगतो, म्हणजे दुकानात कुणी दुसरीकडे वळवलं तरी तुम्ही वळणार नाही.

आधी त्या उंच ब्लेंडरचं बघू. तो मुळात पेयांसाठी जन्माला आला. १९२२ साली अमेरिकेत स्टीफन पोप्लॉस्की यांनी भांड्याच्या तळाला फिरतं पातं बसवलं, ते सोडा फाउंटनवर माल्टेड मिल्क घुसळायला. भांडं उंच आणि खाली निमुळतं असतं, कारण पात्याभोवती पातळ पदार्थाचा भोवरा तयार व्हावा आणि वरचं सगळं आपोआप खाली ओढलं जावं अशी त्याची रचना. दूध आणि केळं घाला, काम झकास. आता त्यात अर्धी वाटी ओलं खोबरं, चार मिरच्या, आल्याचा तुकडा आणि मूठभर कोथिंबीर टाकून बघा. पहिल्या दोन सेकंदांत सगळं भिंतींना जाऊन चिकटतं आणि पातं नुसतं हवेत फिरत राहतं. मग आपण झाकण काढतो, चमच्याने खाली ढकलतो, पुन्हा फिरवतो, शेवटी वैतागून पाणी घालतो. इथे स्वयंपाक बिघडतो. पाणी जास्त झालेलं वाटण तेलात टाकलं की आधी उडतं, मग नुसतं शिजत बसतं. ते परतलं जाईपर्यंत, तेल सुटेपर्यंत निम्मा गॅस जातो आणि कांद्या-खोबऱ्याचा खमंगपणा येतच नाही. लोकांना वाटतं आपल्या हातात काही कमी आहे. कमी असतं ते भांड्यात.

आपल्याकडचा मिक्सर-ग्राइंडर वेगळा आहे तो याच कारणाने. १९६०च्या दशकात मुंबईत सीमेन्समध्ये काम करणारे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा जर्मन ब्लेंडर आपल्या दळण्या-वाटण्यापुढे टिकला नाही. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी माधुरी यांनी भारतीय वाटणाला पेलेल असं यंत्र बनवायचं ठरवलं, त्यातून ‘सुमीत’ उभा राहिला. मोटर दणकट, भांडी स्टीलची, आणि प्रत्येक कामाला वेगळं भांडं. आज दुकानात कुठल्याही कंपनीचा मिक्सर बघा, ढाचा तोच आहे. भांडं बसकं, तळ रुंद आणि सपाट, पातं तळाच्या अगदी जवळ. म्हणून दोन मिरच्या आणि चार लसूण पाकळ्यासुद्धा पात्याखालून सुटत नाहीत.

तर दुकानात गेल्यावर खोक्यावरचे आकडे वाचू नका, भांडी बाहेर काढायला लावा. आधी चटणीचं भांडं. रोज तेच वापरलं जाणार आहे आणि बऱ्याच संचांत तेच सगळ्यात दुर्लक्षित असतं. खेळण्यातलं म्हणावं एवढं भांडं टाकून ‘तीन जार’ पूर्ण करतात. चार माणसांना ४०० ते ५०० मिलीचं हवं. आत डोकावून पातं आणि तळ यांत किती फट आहे ते बघा. फट जितकी कमी तितकं थोडं वाटण नीट होईल. मग पातं बोटांनी हळूच वर-खाली आणि आडवं हलवा. गच्च हवं, खुळखुळायला नको. भांडं उलटं करून खालचं कपलर, म्हणजे मोटरला जोडणारं दातेरी चाक, बोटाने फिरवा, ते अडखळत असेल तर दुसरं मागा. ओल्या वाटणाचं मोठं भांडं साधारण दीड लिटरचं, सुक्याचं एक लिटरचं असतं, तेवढं पुरे. भांड्याच्या आतल्या भिंतीवर उभे उंचवटे हवेत, त्यांना आपटून पदार्थ पुन्हा मध्ये येतो. पत्रा जाड हवा. झाकणाची रबरी रिंग काढून परत बसवून बघा. ती जर दुकानातच नीट बसत नसेल तर घरी ओट्यावर रोज चटणीची रांगोळी पडेल.

आता वॅटचं भूत. ७५० किंवा १००० हा आकडा मोटर किती वीज घेते त्याचा आहे. त्यातली किती पात्यापर्यंत पोचते हे तो सांगत नाही. चार माणसांच्या घराला ७५० भरपूर आहे. दोघांच्या घराला ५०० सुद्धा चालतो, फक्त इडलीचं पीठ थोडंथोडं वाटायचं. १००० वॅटचा कुणी घ्यावा? ज्यांच्याकडे रोज दहा-बारा माणसांचं वाटण लागतं, घरगुती डबे चालवतात, त्यांनी. ‘हजार वॅटला पंधरा अँपियरचा प्लग पॉइंट लागतो’ असं काही जण सांगतात, तेही खरं नाही. २३० व्होल्टवर ७५० वॅट म्हणजे सव्वातीन अँपियरच्या आसपास, १००० वॅट म्हणजे साडेचारच्या आत. साधा पॉइंट चालतो, फक्त तो ढिला नको. सैल सॉकेट आणि स्वस्त एक्स्टेन्शन बोर्ड यांच्यामुळे वितळलेल्या पिना घेऊन माझ्याकडे खूप जण येतात आणि दोष मिक्सरला देतात.

मिक्सर खरा जळतो तो कसा, हे एकदा नीट समजून घ्या, कारण त्यावरच त्याचं आयुष्य ठरतं. आत जी मोटर असते तिला युनिव्हर्सल मोटर म्हणतात. मोकळी फिरली तर ती मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेते, म्हणून एवढा आवाज. तिच्यावर ओझं आलं की वेग पडतो, आणि वेग पडला की ती वीज जास्त ओढते, म्हणजे जास्त तापते. तिला गार ठेवणारा पंखा त्याच दांड्यावर बसवलेला असतो. म्हणजे जेव्हा गारव्याची सगळ्यात जास्त गरज, नेमका तेव्हाच पंखा मंद. घट्ट वाटण गळ्यापर्यंत भरून ‘मोटरला त्रास नको’ म्हणून एक नंबरवर पाच मिनिटं घुमवत ठेवणारी माणसं मोटरवर दया करत नसतात, तिला भाजत असतात. भांडं निम्मंच भरा, एकवर सुरू करा, पदार्थ फिरायला लागला की वेग वाढवा, आणि आवाज जड झाला की थांबा. हा जड आवाज एकदा कानाला कळला की कुठलंही माहितीपत्रक वाचायची गरज नाही.

बऱ्याच मिक्सरच्या तळाला ‘३० मिनिटं’ असं रेटिंग लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ सलग अर्धा तास नाही. पाच मिनिटं चालवायचा, दोन मिनिटं थांबवायचा, असा मिळून. तिथेच आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४२५० हा क्रमांक आहे का बघा; घरगुती मिक्सरसाठीचं भारतीय मानक ते. आणि तळाला लाल बटण असतं, ते ओव्हरलोडचं. मोटर जास्त तापली किंवा अडकली की ते बाहेर येतं आणि मिक्सर बंद पडतो. अशा वेळी प्लग काढायचा, भांड्यातलं थोडं कमी करायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बटण आत दाबायचं. सणासुदीच्या आदल्या दिवशी धावत मिक्सर घेऊन येणाऱ्यांपैकी कित्येकांचा दोष एवढाच असतो. मी बटण दाबून परत देतो, पैसे काय घेणार त्याचे! पण तेच बटण दर आठवड्याला पडत असेल तर त्याला वायर जोडून बायपास करून देणाऱ्या माणसाकडे चुकूनही जाऊ नका.

तुमच्या कामांकडे एकेक करून बघू. ओलं वाटण आणि चटणी वर झालीच. त्यात एवढंच घालतो की भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचं वाटण करताना सुकं खोबरं आधी एकटंच बारीक करून घ्या, कांदा नंतर. दोन्ही एकदम टाकलं की कांद्याचा लगदा होतो आणि खोबऱ्याचे तुकडे तसेच राहतात, मग पुन्हा पाणी.

दाण्याचा कूट सलग फिरवायचा नाही. नॉब उलट्या बाजूला टकटक करायचा, चार-पाच वेळा, मध्ये भांडं हलवून. दाणे पूर्ण गार झालेले हवेत. सलग फिरवला की तेल सुटून गोळा होतो, आणि मग खिचडीत कूट सुटा पडतच नाही. गरम मसाल्याचंही तेच, भाजून पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावलं की वाफ धरते आणि मसाला भांड्याला चिकटतो. धने, जिरे, साखर, पोहे, डाळं हे सगळं सुक्याच्या भांड्यात उत्तम होतं. अख्खी हळकुंडं आणि सुंठीचे मोठे तुकडे मात्र घालू नका. पात्याला आणि कपलरला बसणारा तो हिसका महाग पडतो. खलबत्त्यात फोडून बारीक तुकडे केले तर एक वेळ चालेल. वर्षाचा कांदा-लसूण मसाला किंवा मालवणी मसाला मिक्सरवर करायच्या भानगडीत पडू नका, तो डंकावरच. मोदकाची पिठीही गिरणीतून. मिक्सरच्या पिठीत कण राहतात आणि उकड चिरते.

पुरण मिक्सरमधून काढू नका असं मी सगळ्यांना सांगतो आणि कुणी ऐकत नाही. वेगाने फिरलेली डाळ चिकट होते, पोळीत पुरण कडेपर्यंत सरकत नाही. पुरणयंत्र दोनशे-चारशे रुपयांत मिळतं, वीज लागत नाही, बिघडण्यासारखं त्यात काही नाही. माझ्या धंद्याला शून्य उपयोगाची वस्तू, पण उत्तम.

इडली-डोशाच्या पिठाला खरं तर दगडाचा वेट ग्राइंडरच. कोइम्बतूरच्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगाच नाही. दगड सावकाश फिरतात, पीठ तापत नाही आणि उडदात हवा भरत जाते, म्हणून ते फुलतं. मिक्सरचं पातं कापतं आणि कापताना तापवतं. पण तुम्ही पंधरा दिवसांतून एकदा करणार, तेवढ्यासाठी ओट्यावर पाच-सहा किलोचा दगड वागवू नका. मोठ्या भांड्यात दोन-तीन हप्त्यांत वाटा, फ्रीजमधलं गार पाणी घाला, उन्हाळ्यात दोन बर्फाचे खडे टाका. उडीद आधी, अगदी थोड्या पाण्यात, हलके होईपर्यंत. तांदूळ नंतर, किंचित रवाळ. दोन हप्त्यांमध्ये मिक्सरला विसावा द्या. उद्या जर आठवड्याला दोनदा आणि आठ माणसांचं पीठ लागायला लागलं तर मात्र १००० वॅटचा मिक्सर घेऊन प्रश्न सुटणार नाही. दोन लिटरचा टेबलटॉप वेट ग्राइंडर घ्या आणि मिक्सर आहे तोच राहू द्या.

स्मूदीसाठी वेगळं यंत्र लागत नाही. खजूर रात्री दुधात किंवा पाण्यात भिजवा, मोठ्या भांड्यात किंवा प्लॅस्टिकचं ज्यूसचं भांडं आलं असेल तर त्यात फिरवा. बर्फ कोरडा टाकू नका, दूध किंवा पाणी असू द्या. जाऊबाईंचा बुलेट इथे नक्कीच सोयीचा आहे: एक ग्लास, त्याच भांड्यातून प्या, धुवायला सोपा. हॉस्टेलच्या मुलाला किंवा एकट्या माणसाला मी तोच सुचवतो. पण चार माणसांचं घट्ट वाटण त्याच्या ताकदीचं नाही, आणि त्याचं भांडं पूर्ण बंद असतं. त्यात गरम काहीही घालायचं नाही. आत वाफ कोंडते आणि भांडं उघडताना अंगावर उडतं. हे मी घाबरवायला सांगत नाही, भाजलेली माणसं बघितली आहेत. मिक्सरमध्येसुद्धा गरम टोमॅटो किंवा पालक वाटताना झाकण उडतं ते वाफेनेच.

म्हणूनच तो हँड ब्लेंडर. डाळ घोटायला, पालकाच्या पातळ भाजीला, सुपाला, ताकाला तो थेट पातेल्यात घालता येतो. गरम पदार्थ गार करत बसायला नको, मिक्सरचं भांडं निघायला नको. बाराशे-पंधराशेचा, स्टीलच्या दांड्याचा घ्या. प्लॅस्टिकचा दांडा गरम डाळीत काही वर्षांनी वाकडा होतो. सायीचं लोणी मात्र मिक्सरच्या मोठ्या भांड्यातच काढा, गार पाणी घालून, कमी वेगावर. लोण्याचा गोळा वर आला की थांबा.

फूड प्रोसेसर कणीक मळायला हवा असेल तरच. बाकी त्याची किसण्या-कापायची पाती पहिल्या महिन्यानंतर खोक्यातच राहतात, असं मला तरी दिसतं. आणि हल्ली ब्रश नसलेल्या बीएलडीसी मोटरचे मिक्सर आलेत. आवाज कमी, वीज कमी, कार्बन (मोटरला वीज पोचवणारे, घासून झिजणारे तुकडे, त्यांनाच ब्रश म्हणतात) बदलायची कटकट नाही. किंमत जास्त, आणि बिघडला तर आतला सर्किट बोर्डच बदलावा लागतो, तो कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नसतो. घरात तान्हं बाळ असेल, सकाळी सहाला मिक्सरने सगळी इमारत जागी होत असेल तर विचार करा. नसेल तर अजून थोडी वर्षं थांबा.

सुटे भाग हा मुद्दा लोक घेताना विसरतात आणि तीन वर्षांनी आठवतात. मिक्सरमध्ये झिजणाऱ्या गोष्टी ठरलेल्या: मोटरवरचं कपलर, भांड्याच्या तळातला बुश (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) आणि त्याचं सील (पाणी अडवणारी रिंग), झाकणाची रिंग, कार्बन. कपलर मुद्दामच नरम ठेवलेलं असतं. काही अडकलं तर आधी ते तुटावं आणि मोटर वाचावी. तेव्हा ते तुटलं म्हणून कंपनीला शिव्या देऊ नका. फक्त ते मिळायला हवं. नव्या धाटणीच्या दिसायला देखण्या मॉडेलांना कपलर स्वतःच्याच आकाराचं असतं, आणि मॉडेल बंद झालं की भांडंही मिळत नाही. खरेदीच्या आधी तुमच्या भागातल्या दुरुस्तीवाल्याकडे जा आणि विचारा, कुठल्या कंपनीची कपलर आणि भांडी तुमच्याकडे कायम असतात? तो ज्या दोन-तीन कंपन्यांची नावं घेईल त्यांतलाच घ्या. वॉरंटीचं कार्ड वाचताना एक लक्षात ठेवा: ‘मोटरवर पाच वर्षं’ असं मोठ्या अक्षरात असतं, पण बाकी यंत्रावर बहुधा दोनच असतात, आणि भांडी-कपलर त्यात धरतात की नाही ते बारीक अक्षरात असतं.

भांडं वापरून झालं की रात्रभर सिंकमध्ये पाण्यात बुडवून ठेवायचं नाही. तळातून पाणी बुशमध्ये जातं, आतलं तेल निघून जातं, मग पातं जड फिरतं आणि भांड्याखालून काळं पाणी यायला लागतं. ते काळं पाणी दिसलं की सील गेलं समजा. तेव्हाच बदललं तर किरकोळ खर्च, नाही बदललं तर ते पाणी खाली मोटरमध्ये उतरतं. लगेच कपभर पाणी आणि साबणाचा थेंब घालून दहा सेकंद फिरवा, ओता, उलटं ठेवा. बस.

बहिणीला इथला मिक्सर पाठवू नका. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची. आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे कसाबसा फिरेल, पण ताकद जवळजवळ पाव राहील आणि वाटण होणार नाही. प्लगचा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण मिक्सरला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर म्हणजे चांगलंच जड धूड, ओट्यावर त्याला जागा द्यावी लागते. काही भारतीय कंपन्या अमेरिका-कॅनडासाठी तिथल्या विजेवर चालणारे, ‘११० व्होल्ट’ लिहिलेले मिक्सर-ग्राइंडर बनवतात, ते तिथल्या भारतीय दुकानांत मिळतात. तिने तोच घ्यावा. उलट तिने प्रेमाने तिकडचा ब्लेंडर तुम्हाला आणून दिला तर तो इथल्या प्लगमध्ये घालू नका, काही क्षणांत धूर निघेल. दुबई किंवा इंग्लंडला मात्र आपला मिक्सर चालतो, प्लग तेवढा बदलायचा. तिच्याकडे आधीच तो व्हिटामिक्ससारखा दणकट ब्लेंडर असेल तर त्यात सोबत मिळणारा दांडा खाली दाबत दाबत घट्ट वाटणही होतं, फक्त एका वेळच्या भाजीपुरतं होत नाही. तिने आठवड्याचं एकदम वाटून फ्रीजरमध्ये ठेवावं.

राहता राहिला तुमचा जुना मिक्सर; त्याला काय झालंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. भांडं न लावता चालू करून बघा. मोटर फिरते पण भांडं लावलं की फिरत नाही, तर कपलर किंवा बुश गेलाय. मधूनच थांबतो, हलवलं की चालू होतो, तर बहुतेक कार्बन संपलेत. या दोन्ही दुरुस्त्या नव्या मिक्सरच्या किमतीच्या मानाने काहीच नाहीत. जळका, उग्र वास येऊन बंद पडला असेल आणि लाल बटण दाबूनही हूं की चूं नसेल, तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, गेलं असावं. तेव्हा मात्र दुरुस्तीचा खर्च विचारा आणि तो नव्याच्या निम्म्यावर गेला तर सोडून द्या. त्याची भांडी टाकू नका. नवा त्याच कंपनीचा घेतलात तर पुष्कळदा ती बसतात, आणि चटणीचं जादा भांडं घरात कधीच वाया जात नाही.